चौथा खण

३ जून २०१६, शुक्रवार

सुरेशनं टाक दिला नाही तो नाहीच. सगळे नको होते मला. एक भवानीचा मागितला, दोन बोटांएवढा. धाकट्याच्या घरी नातवंड येतंय, त्याला देवीच्या पायाशी घालायला. तर हा थोरला म्हणतो, आई, देव थोरल्याच्या घरातून हलत नाहीत, रीत आहे. रीत! बायकोला देव्हारा पुसायला सांगितलं की ती कंबर धरते, तेव्हा रीत कुठं जाते? चाळीस वर्षं त्या देवांना मी आंघोळ घातली. आता देव त्याचे, मागच्या अंगणातला कळंब त्याचा, म्हणजे कुळाचं देवकही त्याचंच, आणि मी पाहुणी. माहेर म्हणावं तर मागच्या वर्षी माझा भाऊ रमण गेला, बिनलेकराचा. तिथंही कुलूप. माहेरचं देवक मोरपीस, हे सांगणारी आता जगात मी एकटी उरले.

हे वहीत उतरवतेय ते परत हडपसरला गेल्यावर सुरेशपुढं बसून वाचायला. वही नातीच्या, सलोनीच्या शाळेतली, अर्धी कोरी. मी चौथी पास. चुका निघतील त्या ज्याच्या त्यानं काढाव्या.

राग लिहून झाला, आता श्री लिहिते. श्री.

पोचले सुखरूप. विमानतळावरच्या पोरीनं माझी पिशवी उपसली. डिंकाचे लाडू, खोबऱ्याच्या वाट्या, बाळंतशेपा सगळं टेबलावर मांडलं, किया ओरा, म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणून गोड हसली आणि हसत हसतच कचऱ्यात घातलं. हळदकुंकवाच्या डब्या तेवढ्या सोडल्या. पण बाहेर जगू उभा दिसला आणि जीव निवला. जगू म्हणजे जगदीश, माझा धाकटा. इथं शिकायला आला नि राहिला. आधी पापाकुरा गावाला होते, मार्चपासून वेलिंग्टनला सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम आहे. सून प्रणिताला नववा भरत आलाय. चेहरा उतरलाय पण काम टाकत नाही, तेवढं कौतुक केलं पाहिजे. सलोनी आठ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. मी म्हटलं मी मराठीत रागावीन, तू इंग्रजीत रड. हसली.

घर समुद्रावरच्या टेकडीवर आहे. चौसष्ट पायऱ्या, मोजून चढले. सगळं लाकडी. वारा एक घटका थांबत नाही. कपाटातली भांडीसुद्धा आपापसात बोलतात. खाली इटलीहून आलेल्या कोळ्यांची जुनी वस्ती आहे, पण हे घर शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याकडच्या कुणा सरदारानं बांधलं म्हणे. लांब पडतं म्हणून भाडं कमी. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. स्वैपाकघरात ऊन येतं, खिडकीतून बोटी दिसतात.

एकच गोष्ट खटकली. पुढचं दार उघडलं की समोर पॅसेजच्या भिंतीवर सलोनीएवढी उंच लाकडी फळी आहे, रंगवलेली, आणि ती उलटी ठोकलीय. ढाल उलटी, बाई उलटी, डोकं खाली. बाळ येणाऱ्या घरात हे असलं अभद्र चालायचं नाही.

५ जून, रविवार

फळी सुलटी केली. जगू दोन दिवस टाळत होता. एजंटच्या कागदात लिहिलंय म्हणे, फळी भिंतीवरून काढायची नाही. मी म्हटलं काढ कुठं म्हणतेय, फिरव म्हणतेय. वाघाच्या छातीचा म्हणून वाढवला, आणि एजंटाला भितो. मग आणलं त्यानं यंत्र. शंभर वर्षांचे स्क्रू, पण लोण्यातून निघावेत तसे निघाले. सुलटी करून लावताना भिंतीत आधीचीच भोकं सापडली. म्हणजे मुळात ती सुलटीच होती, मग कुणीतरी उलटी केली. जगू म्हणाला, आई, तू आर्किटेक्ट व्हायला हवी होतीस.

आता नीट दिसते. वर कमरेपर्यंतची एक बाई, डोक्यावर मुकुट, दोन्ही हातांनी पदर पसरलेला. ओटीत काही नाही. तिच्याखाली ढाल, ढालीचे चार खण. पहिल्यात निळ्यावर पांढरा बुरूज. दुसऱ्यात लांडग्याचं तोंड. तिसऱ्यात गव्हाच्या तीन ओंब्या. चौथा नुसता सोनेरी, रिकामा. खाली फीत, फितीवर अक्षरं. सलोनी म्हणाली हे इंग्रजी नाही.

मी म्हटलं देवी आहे. प्रणिता हसली. म्हणाली, आई, ती घराण्याची निशाणी असते त्यांच्याकडच्या सरदारांची, देवीबिवी काही नाही. मी म्हटलं ओटी पसरून उभी आहे ना, मग मला पुरे. हळदकुंकू लावलं. वरपर्यंत हात पोचेना, म्हणून त्या रिकाम्या खणात बोट टेकवलं.

१५ जून, बुधवार

काल मुलगा झाला. जावळ दाट, रंग जगूवर. इथं बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवतात. ना शेक ना शेगडी. सकाळी तिला खायला टोस्ट दिला. टोस्ट, ओल्या बाळंतिणीला! आल्या आल्या तिला चोळलं, खीर घातली. बाळाचा आवाज असा खणखणीत की वाऱ्यावर चढतो.

२५ जून, शनिवार

बारसं. जगूच्या मित्रांच्या बायका यायच्या होत्या, पण दक्षिणेचा बर्फगार वारा सुटला, चौसष्ट पायऱ्या कुणी चढेना. आत्या नाही, मला मुलगीच नाही. म्हणून बाळाच्या कानात नाव मीच सांगितलं. मला राजाराम हवं होतं, ह्यांचं. प्रणिता म्हणाली फार जुनं. दोन दिवस भांडलो, मग मी सोडलं. अभिनव. कुर्रर्र करून तीनदा सांगितलं. पोरगं डोळे उघडून ऐकत होतं.

मग देवीच्या पायाशी घालायचं. टाक नाही, सुरेशची कृपा. जगू म्हणाला मोबाइलवर फोटो दाखवतो. मी म्हटलं तुझ्या लग्नात बायकोच्या जागी फोटो ठेवला होता का? फळीखाली पाट मांडला. इंडियन दुकानातला नारळ, तांदूळ, खण. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात. मग सवाष्ण काय समुद्रातून आणू? बाळंतीण भिंतीला टेकलेली, सलोनी पोर. भरली मीच. पोराला पाटावर ठेवलं आणि म्हटलं, बाई, तू कुणाची कोण मला ठाऊक नाही, पदर पसरून उभी आहेस तर घे, तुझ्या ओटीत घातला, तुझा म्हणून सांभाळ.

असं म्हणायचंच असतं. आपल्याकडे प्रत्येक लेकरू असं देवीला देतात, आणि देवी ते आपल्याला परत सांभाळायला देते.

वारा थांबला. एकदम. स्वैपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक पॅसेजमध्ये ऐकू आली. प्रणिता म्हणाली, ह्या घरात घड्याळ वाजतं हे मला आजच कळलं. नारळ फोडला तर आत पाणी नव्हतं. दुकानदाराला जगूनं जाब विचारला पाहिजे.

३० जून, गुरुवार

बाळ रडत नाही. मिडवाइफ घरी येऊन बघून गेली, वजन वाढतंय, सगळं उत्तम म्हणे. उत्तम काय? भूक लागली तरी नुसतं बघतं. पॅसेजकडे मान वळवतं. पाळणा फिरवला तर मान उलटी वळवतं.

दुपारी प्रणिता तिच्या आईशी फोनवर बोलत होती. आईनं काहीतरी विचारलं, तर ही हसून म्हणाली, आई, बाळंतपणात डोकं चालत नाही बघ, त्याचं नाव — थांब हं — आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं अभिनव. ती हो हो म्हणाली, जसं कुणी शेजाऱ्याचं नाव सांगावं. मला राग आला. नाव ठेवायला दोन दिवस भांडलीस आणि पाच दिवसांत विसरलीस?

४ जुलै, सोमवार

चौथ्या खणात काहीतरी उगवलंय.

आधी वाटलं माझं हळदीचं बोट पसरलं. ओल्या फडक्यानं पुसलं. निघेना. नखानं खरवडलं. निघेना, उलट नखाला जाणवलं की ते कोरलेलं आहे, लाकडातच. एक फांदी, आणि फांदीला तीन गोल. केसाळ गोल, चेंडूसारखे.

कळंबाची फुलं.

लग्नात मांडवात जी फांदी पुजतात ती. ह्या देशात कळंबाचं झाड मी बघितलेलं नाही. सासरचं देवक काय, हे इथं कुणाला सांगितलेलं नाही. जगूला तरी माहीत असेल का शंका आहे. त्याला दाखवलं तर म्हणतो, आधीपासून असेल ग, तुझं लक्ष नसेल. माझं लक्ष नसेल! तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटण मला दोन खोल्यांतून दिसतं.

७ जुलै, गुरुवार

खालच्या घरातली रोझा म्हातारी बाळ बघायला आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत चढली, हातात घेवड्याच्या सुपाचं पातेलं. वस्तीतल्या कोळ्यांपैकीच. दार मी उघडलं. ती आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तिला फळी दिसली. पातेलं तिनं पायरीवर ठेवलं आणि माझ्यावर ओरडायला लागली. मला इंग्रजी येत नाही पण शिव्या कळतात. मीही मराठीत दिल्या. सलोनी शाळेतून आली तोवर आम्ही दोघी तशाच, ती दाराबाहेर, मी आत. मग सलोनीनं मध्ये बसून सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मला समजलं तसं लिहिते.

सरदाराच्या घराण्याचं नाव रोकाव्हेर्ना. इटलीतल्या डोंगरात एका खिंडीवर ह्यांचा बुरूज होता, पाचशे वर्षं. पहिला खण त्यांचा स्वतःचा. पण ह्यांच्या घरात पोरं जगायची नाहीत. वंश बुडायला आला की दुसऱ्या सरदाराचा मुलगा घ्यायचे. दत्तकच, पण आपल्यासारखं नाही. त्या पोराचं आधीचं नाव कुणी उच्चारायचं नाही, आणि त्याच्या घराची निशाणी कापून ह्यांच्या ढालीत बसवायची. लांडगा एका घराचा. ओंब्या दुसऱ्याच्या. ज्या घरानं पोर दिलं ते घर पुढं उरायचं नाही. लांडग्याच्या घरात आज कुणी नाही. ओंब्यांच्या घरात कुणी नाही.

शेवटचा सरदार ही फळी घोंगडीत गुंडाळून बोटीनं इथं आला. लग्न केलं नाही. चौथा खण सोनेरी रंगवून वाट बघत बसला. रोझाची आजी त्याच्या स्वैपाकघरात होती. त्यानं तिचा मुलगा मागितला, म्हणजे रोझाचा बाप. आजीनं कढई फेकून मारली. सरदार मेला त्या दिवशी तिनंच फळी उलटी केली. त्यांच्यात घराण्यातला शेवटचा मेला की ढाल उलटी टांगतात. वंश संपला, दार बंद. मग मागायला कुणी येत नाही.

मी विचारलं फितीवर काय लिहिलंय. रोझानं दाराबाहेरूनच वाचलं. हाक आली, ओ दिली. ते त्यांचं ब्रीद. दिलेल्या पोराला घराण्याच्या नावानं हाक यायची. पोर तान्हं असेल तर घरातल्या कुणीही ओ दिली तरी चालायची. ओ दिली की पोर त्यांचं. न दिली तर हाक थांबत नाही. कुणीतरी कंटाळून देतंच. मोलकरीण देते, लहान मूल देतं.

मग तिनं विचारलं, फळी सुलटी कुणी केली. मी म्हटलं मी. आणि पोर ओटीत कुणी घातलं. मी.

म्हातारी सूप ठेवून गेली. जाताना एक शब्द म्हणाली, तो सलोनीनं सांगितला नाही.

मेलेला सरदार. जिवंतपणी एका स्वैपाकिणीनं कढई मारली तरी ह्याची भूक गेली नाही. आणि मी, चाळीस वर्षं देव पुजलेली बाई, ताट वाढून ह्याच्यापुढं ठेवलं.

८ जुलै, शुक्रवार

जगूला सांगितलं, उलटी कर. हसला. मी हसू दिलं नाही. शेवटी केली. दोघांनी धरून उलटी ठोकली, आठ स्क्रू मारले.

जेवून परत पॅसेजमध्ये आले तर सुलटी. आठही स्क्रू जागेवर. जगू तिच्याखालून बूट घालून बाहेर गेला. वर बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं फळी कुणी फिरवली. म्हणाला कोणती फळी, ती तर अशीच होती ना.

कोयता आणते म्हटलं. ह्या घरात कोयता नाही. भाजीच्या सुरीनं कळंबावर वार केले. सुरीचं पातं तुटलं. अंगठा कापला. लाकडावर ओरखडा नाही.

१३ जुलै, बुधवार

बाळाच्या जन्माचा दाखला आला पोस्टानं. प्रणितानं फ्रीजवर चुंबकानं लावला. मी सलोनीला वाचायला सांगितलं. आल्देरीको रोकाव्हेर्ना. आईचं नाव प्रणिता. बापाचं जगदीश.

हे लिहिलं कुणी? जगूनं. फॉर्म त्यानं स्वतः भरला, कॉम्प्युटरवर, स्वतःच्या बोटांनी. मी फाडला. त्यानं तुकडे उचलून चिकटपट्टीनं जोडले आणि म्हणाला, आई, तुला ह्या नावाचा राग का आहे, बारशाला तूच तर कानात सांगितलंस.

मी त्याच्या थोबाडीत मारली. छत्तीस वर्षांच्या लेकाच्या.

१५ जुलै, शुक्रवार

हाक आली.

दुपारी चार वाजता वारा पडला. इथं वारा पडतो म्हणजे घर कान टवकारतं. पुढच्या पायऱ्यांवरून, जगूच्या आवाजात — रोकाव्हेर्ना. एकदा. जगू ऑफिसात. मी पदर तोंडात कोंबला. पाळण्यात पोर हसलं. जन्मात पहिल्यांदा हसलं.

१७ जुलै, रविवार

काल दोनदा. आज तीनदा. आज प्रणिताच्या आईचा आवाज. प्रणिता उठलीच होती. मी तिच्यापुढं उभी राहिले. तोवर सलोनी धावली, दाराशी पोचली, तोंड उघडलं, — मी मागून तिचं तोंड दाबलं, चावली मला. मग रडली. म्हणाली, आजी, तो थकलाय ग, कुणीच का बोलत नाही त्याच्याशी. हे सगळं मराठीत म्हणाली. ही पोर इतकं नीट मराठी कधी बोलली नव्हती.

१९ जुलै, मंगळवार

सुरेशचा फोन. आवाज गेलेला. मागच्या अंगणातला कळंब वाळला म्हणे, भर पावसात, चार दिवसांत, मुळापासून. आणि तो जिन्यावरून पडला, पाय मोडला.

मी म्हटलं जगूच्या मुलासाठी देवीला नवस बोल. तो म्हणाला — जगूला मुलगा कुठंय आई, एक मुलगीच ना?

२० जुलै, बुधवार

मलाही —

नाव. माझ्या जिभेवरून गेलंय. सकाळी पाळण्याशी गेले, हाक मारायची म्हणून तोंड उघडलं आणि —

वहीत आहे. २५ जूनचं पान काढलं. माझंच अक्षर. सगळं वाचता येतं. राजाराम वाचता येतं. कुर्रर्र वाचता येतं. मध्ये चार अक्षरं आहेत, ती लागत नाहीत. चौथी पास बाई मी, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या वाचल्या, रेशनचे कागद वाचले. तेवढीच चार अक्षरं —

बोट ठेवून बसले दुपारभर. रेघा दिसतात. वेलांटी दिसते. आवाज नाही.

हरामखोर. सांडगा खाऊन टाकावा तसं माझ्या तोंडातलं नाव खाल्लं.

२१ जुलै, गुरुवार

जगू म्हणतो, उद्या कामावर जात नाही. दाराशी कुणीतरी रोज येतं, आपण ओ देत नाही, बरं दिसत नाही. उद्या मी देतो. प्रणिता म्हणाली हो, देऊन टाक. हे असं, चहा पिता पिता.

म्हणजे उद्यापर्यंत.

रोझाकडे गेले. सलोनी नव्हती, खुणांनी बोललो. मी छातीवर हात ठेवला, मग ओटी पसरून दाखवली. पोराच्या जागी मी. तिला कळलं. जोरजोरानं मान हलवत होती, नको नको. मग थांबली. बोटानं माझं पोट दाखवलं, केस दाखवले, आणि हसली. मीही हसले. म्हाताऱ्या बायांना गणित लवकर येतं.

देवाला दिलेलं सोडवायचं तर बदली द्यावी लागते. घे म्हणावं बदली. एकाहत्तर वर्षांची रांड घे. वंश वाढव माझ्यातून, बघू कसा वाढवतोस. पोर दिलेलं घर बुडतं ना? माझं माहेर आधीच बुडालंय. रमणच्या दाराला कुलूप आहे, जा, काय न्यायचं ते ने. मी शेवटची. माझ्यामागं तूही शेवटचा.

२२ जुलै, शुक्रवार

दोन वाजले. फळीखाली पाटावर बसलेय. स्वतःची ओटी स्वतःच भरली. तांदूळ, खण. नारळ नव्हता, कीवीची दोन फळं ठेवली, तुझ्याही देशातली नाहीत, माझ्याही नाहीत. विधवेची ओटी. चुलीत गेली रीत.

म्हटलं — बाई, ते लेकरू मी चुकून घातलं. माझ्या सासरचं आहे, ते परत दे. ही मी. माहेरची. मोरपिसाची. घे तुझ्या ओटीत.

काही नाही.

काही नाही.

अडीच. कळंबाचा एक गोल नाही. दोन आहेत.

एक.

फांदी गेली. खणात काहीतरी — निळं. डोळा. मोरपिसाचा डोळा, देठासकट.

पोर रडतंय! केवढ्यांदा रडतंय. प्रणिता धावली आत, त्याला उचलून म्हणतेय —

२५ जूनचं पान. अ. भि. अभिनव. अभिनव अभिनव अभिनव. वाचता येतंय.

आता माझं नाव खाली लिहावं म्हटलं, सही म्हणून. म — म —

येत नाही. असू दे. कुणाला लागतंय.

वारा पडला. घड्याळ ऐकू येतंय.

जगू, वही तुला. तीन गोष्टी. दाखला बदलून घे. कळंबाची फांदी सुरेशकडे नवी लावा. मी संपले की ही फळी उलटी कर, ह्या वेळी हलायची नाही. पुन्हा कुणी म्हातारी येऊन सुलटी कर म्हणाली तर तिला कढई मार.

पायऱ्यांवर आलाय. आवाज ह्या वेळी ह्यांचा. राजारामचा आवाज चोरलास? लाज नाही?

पहिली हाक.

जगू उठला. बस खाली! तोंड मीट. प्रणिता, पोराला छातीशी धर. सलोनी, कानात बोटं. ह्या घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. कितीदा बोलावू दे, कुणाच्याही आवाजात बोलावू दे. ओ मी द्यायची. फक्त मी. तुमच्यापैकी कुणी ओठ जरी हलवला तर —